छातीवरची हळद

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
रविवार दुपार

प्रिय दिपिका,

कुरियरने सासूचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. नाना बरे आहेत, प्रणित वेळेवर जेवतो आहे आणि तुझा कुंडीतला मोगरा मी अजून मारलेला नाही. तुझं माहेर, बेलपाडा, काही सातासमुद्रापार नाही, रोज फोनही होतो, तरी आज कागद-पेन घेऊन बसले आहे. कारण फोनवर तू "बोला आई" म्हणतेस आणि त्यापुढे मला काही बोलताच येत नाही. समोर आले असते तर मी रडले तरी असते नाहीतर भांडले तरी असते, माझा स्वभाव तुला काय सांगायचा. म्हणून लिहिते. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. आणि एक कर, मधेच घडी घालून ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

अवधूतच्या लग्नाची तयारी म्हणून तू ऋचाला घेऊन माहेरी गेलीस. एकुलत्या भावाचं लग्न, जायलाच हवं. पण बॅग भरताना मी तुझं तोंड पाहिलं होतं गं. निघताना पाया पडलीस तीसुद्धा पाहुण्यासारखी. तू रागावली आहेस आणि का रागावली आहेस तेही मला माहीत आहे. चिरनेरहून नानांना घेऊन त्या हॉस्पिटलात गेलो, तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं, "ही सून आहे, हिला बाहेर पाठवा." हेच ना ते? ज्या पोरीने तप झालं आपलं घर ओढलं, जिने त्या दिवशी नानांचा जीव वाचवला, तिला मी सून म्हणून दाराबाहेर काढलं. तू त्यावर एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं, मी चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

त्या दिवसाचं सगळं माझ्या डोळ्यांपुढे आहे. माझ्या भाचीच्या घराची वास्तुशांत, अंगणात पंगत बसलेली, नानांनी भाताला हात लावला आणि तसाच काढून घेतला. घामाने सदरा भिजला. कोणी म्हणालं गॅस असेल, कोणी सोडा फोडून आणला, माझी बहीण ओवा चावायला देत होती. तू एकदाच त्यांच्याकडे बघितलंस, हातातली वाढपाची बादली खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "हा गॅस नाही, आई, चला." प्रणित पुण्याला गेलेला. गाडी तूच काढलीस. पुढे रस्त्यावर कंटेनरची ही रांग, पनवेलला पोचायचं म्हणजे देवालाच ठाऊक कधी, तर तू सरळ वाटेतल्या छोट्या हॉस्पिटलात गाडी घातलीस. त्या ओव्याची एक जुनी कथा आहे. तिथूनच सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नाना दहा वर्षांचे असतानाची गोष्ट. तेव्हा आपली मिठागरं होती. आज जिथे ते चकचकीत टॉवर आहेत ना, जिथे तू ऋचाला स्केटिंगला नेतेस, तिथे खाडीचं पाणी यायचं आणि उन्हात मिठाचे ढीग असे चमकायचे की बघवत नसत. लग्न होऊन आले तेव्हा मीही तिथे फावडं ओढलं आहे. मिठाने पायांना चिरा पडायच्या, संध्याकाळी खोबरेल लावून बसायचं आणि एकमेकींच्या चेष्टा करायच्या. कष्ट होते, पण हसणंही फार होतं. आता एसी लावून बसते आणि कोणाशी हसू ते कळत नाही. तर नानांच्या थोरल्या भावाचं लग्न झालं, पारू वहिनी घरात आल्या, त्यांच्या हातावरची हळद अजून उतरायची होती, तेवढ्यात एका सकाळी सासरे मिठागराच्या बांधावर छाती धरून बसले. लोक धावले, छातीला तेल चोळलं, तोंडात ओवा घातला. गॅस झालाय म्हणाले. बांधावरच ते गेले. कोणाच्या डोक्यात आलं नाही की हे हृदयाचं असेल. दोष मात्र लगेच सापडला. सासूबाई छाती बडवत ओरडल्या, पांढऱ्या पायाची आली, माझ्या धन्याला गिळलंन.

झालं, तेवढं एक वाक्य. पारू वहिनी तेव्हा जेमतेम सोळा वर्षांच्या असतील. त्यांनीच नानांना लहानाचं मोठं केलं, त्यांच्या डोक्यातल्या उवा काढल्या, शाळेत घातलं, माझं लग्नही त्यांनीच जमवलं. आवाज काय होता त्यांचा! आईकडून शिकलेले लग्नाचे धवले त्यांना सगळे तोंडपाठ होते. पण मांडवात गायला त्यांना कोणी बोलावलं नाही, आणि हळदीला तर हात लावू दिला नाही. गावात कुठेही हळद असली की वहिनी मागच्या चुलीपाशी नारळ खवत बसायच्या. मिठागरावर काम करताना मात्र गायच्या, आणि नाना फावडं टाकून ऐकत राहायचे. मला ते सांगायचे, शके, वयनी गायला लागली का ऊन लागत नाय. सांगताना प्रत्येक वेळी डोळे पुसायचे. गोष्ट तीच, डोळे पुसणंही तेच, मी चिडवायचे त्यांना.

आता तुझ्या लग्नाकडे येते. नानांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. थांब, वाचता वाचता थांबलीस ना? परत वाच. कधीच नाही. थेंबसुद्धा नाही. आपल्यात हळद म्हणजे काय असते ते मी तुला सांगायला नको, अर्धा गाव नाचतो आणि उरलेला अर्धा मांडवामागे उभा असतो. त्या मांडवामागच्या दारूच्या पेट्यांची किल्ली कोणाच्याही हळदीला नानांकडे असायची. का, तर हा एकटाच पीत नाही, हाच नीट वाटेल. कबड्डीच्या वेळेपासून त्यांना "किल्लीवाला कमळाकर" म्हणायचे. प्रणितच्या हळदीला ती किल्ली त्यांनी आपल्या मित्राकडे, अनंताभावजींकडे दिली, म्हणाले, आज मी बाप हाय, आज मला दुसरं काम हाय. ते काम काय होतं सांगू? ते मागच्या चुलीपाशी गेले, पारू वहिनींच्या हातातली खवणी काढून घेतली, त्यांना दंडाला धरून भर मांडवात आणलं आणि म्हणाले, माझ्या पोराला पयली हळद माझी वयनी लावेल. म्हाताऱ्या बायकांची तोंडं बघायला हवी होतीस. कोणी पदराआड कुजबुजलं, कोणी बोटं मोडली. वहिनींनी अशी घाईघाईने लावली की निम्मी हळद प्रणितच्या डोळ्यात गेली. मग नानांनी स्वतःची छाती उघडी करून म्हटलं, आता मलाही लाव. आणि माझ्या सगळ्या जावा-नणंदांना चेवच आला, त्यांनी धरून त्यांना तेल-हळदीने नुसतं माखून काढलं. काय हसलो होतो आम्ही! पारू वहिनी पहिल्यांदा मांडवात गायला लागल्या, आणि मला वाटलं, आता आणखी काही नको.

तेवढ्यात नाना दिसेनात. शोधत गेले तर पाण्याच्या पिंपांमागे भिंतीला टेकून बसलेले. हळदीवरून घामाचे ओघळ. म्हणाले, शके, बाबांसारकं होतंय. एवढंच म्हणाले. मी अनंताभावजींना खूण केली. त्यांनी मागच्या गल्लीतून गाडी आणली, मी जावेला सांगितलं की नारळ कमी पडलेत, बाजारातून घेऊन येते, आणि अंगावर भरजरी लुगडं, हातात हिरवा चुडा अशी मी नवऱ्याला घेऊन पनवेलला बाजारपेठेमागच्या हॉस्पिटलात शिरले. आता ते हॉस्पिटल नाही, तिथे मोबाईलची दुकानं झाली आहेत. मी अजून त्या रस्त्याने जाताना चप्पल काढून हात जोडते. तू एकदा विचारलं होतंस, आई, इथे कुठला देव आहे? मी म्हटलं होतं, होता एक.

तिथला डॉक्टर पोरगेला होता. नानांना बघून आधी म्हणाला, यांना कावीळ किती दिवस आहे? अशा वेळी मला हसू आलं गं, काय करू. मग ईसीजी काढायला गेले तर ते रबरी फुगे छातीला चिकटेचनात. चिकटवला की सुटे, चिकटवला की सुटे. तेल आणि हळद, हळद आणि तेल. सिस्टर बिचारी स्पिरिट घेऊन छाती पुसायला लागली. कापसाचे बोळे पिवळे होऊन बादलीत पडत होते आणि मी मनात म्हणत होते, बाई गं, लवकर पूस, लवकर पूस. शेवटी पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाला, मोठा अटॅक आहे, हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी बसली आहे. ती विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, सलाइनमधून तासाभरात जातं, जितक्या लवकर द्यावं तितकं हृदय वाचतं. पण त्याने रक्त पातळ होतं, क्वचित कुणाला डोक्यात रक्तस्राव होतो, तेव्हा विचार करून सही करा. मग त्याने भराभर विचारलं, लकवा झाला होता का, डोक्याला मार, मोठं ऑपरेशन, रक्ताची उलटी, दारू? मी सगळ्याला नाही म्हटलं, आणि सगळं खरं होतं. सही करताना कागदालाही हळद लागली.

इंजेक्शन जात होतं तेव्हा मी त्यांचा हात धरून उभी होते. त्या थेंबांकडे बघत मी गेलेल्या सासऱ्यांना म्हणत होते, तुमच्या वेळी हे असतं तर हो! हळूहळू नानांच्या कपाळावरची आठी सुटली. म्हणाले, दगड उतरला. डॉक्टरने पुन्हा पट्टी काढली आणि स्वतःशीच हसला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, एक पक्कं लक्षात ठेवा. हे औषध एकदाच. शरीर त्याला ओळखून ठेवतं, पुन्हा दिलं तर नीट काम करत नाही, उलट अंगावर उठू शकतं. पुन्हा कधी असं झालं तर समोरच्या डॉक्टरला हे आधी सांगायचं. मी मान हलवली.

आणि इथे नानांनी माझा हात ओढला. म्हणाले, शके, घरी कोनाला कळता कामा नाय. मी म्हटलं, वेड लागलंय का, लग्न पुढे ढकलते. तर जे म्हणाले ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाले, आज वयनीने पयली हळद लावली आणि उद्या ती पोरगी उंबरठा ओलांडणार. मी आज आडवा झालो हे कळलं तर वयनीला परत खातील, आणि त्या पोरीला जन्मभर पांढऱ्या पायाची म्हणतील. माझ्या घरात दुसरी पारू वयनी नको. मी रडायला लागले तर म्हणाले, शप्पथ घे. येणाऱ्या सुनेची शप्पथ घे. मी घेतली. दिपिका, तुझा अजून माझ्या घराशी काही संबंध नव्हता, तुला मी दोनदाच पाहिलेलं, साखरपुड्याला आणि बस्त्याला, आणि मी तुझी शपथ घेऊन बसले.

पण बाप लग्नात नाही हे लपवायचं कसं? तर अनंताभावजींचं डोकं चाललं. ते मांडवात जाऊन म्हणाले, कमळाकरला जास्त झाली, माझ्या घरी झोपवलाय, आता दोन दिवस उठत नाय. सगळा मांडव हसला. किल्लीवाला आज स्वतःच प्यायला! कुंपणानंच शेत खाल्लं! म्हणजे इतकी वर्षं चोरून पीतच असणार, असंही सगळ्यांनी ठरवून टाकलं. माझ्या सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. आणि मी नाचले. हो, तुझ्या लग्नाच्या व्हिडिओत आहे बघ, हिरव्या लुगड्यात मी वेड्यासारखी नाचते आहे. तू आणि तुझ्या मैत्रिणी तो बघून म्हणायच्या, आई काय नाचल्यात! बायका मागून बोलत होत्या, नवरा पिऊन पडलाय आणि हिला बघा. मी थांबले असते तर रडले असते, म्हणून थांबले नाही.

लग्नात बापाच्या जागी थोरले भावजी उभे राहिले. एकुलत्या एका पोराचं लग्न नानांनी बघितलं नाही. मी सकाळी निघताना त्यांच्या मुठीत थोड्या अक्षता ठेवल्या होत्या. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा अनंताभावजींनी मोबाईल उंच धरला होता, आठवतं तुला? तू मागे म्हणाली होतीस, ते काका फोटो काढत होते की काय. फोटो नव्हते गं. तिकडे आयसीयूत सिस्टरने दुसरा मोबाईल नानांच्या कानाशी धरला होता. प्रत्येक "सावधान"ला ते आपल्याच चादरीवर अक्षता टाकत होते. सिस्टर नंतर मला रागावली, पेशंटच्या अंगाखाली तांदूळ सापडले म्हणून. आणि रागावता रागावता तीच रडली.

पुढचं तुला माहीत आहे, फक्त उलट्या बाजूने माहीत आहे. तुझे बाबा शाळेतले सर, शिस्तीचा माणूस. ज्या बापाला पोराच्या लग्नात शुद्ध नाही त्याच्या घरात मुलगी दिली, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. दिवाळीला आले तरी नानांशी दोन वाक्यांपलीकडे बोलले नाहीत. तूही सुरुवातीला ऋचाला नानांच्या स्कूटरवर बसू देत नव्हतीस. मला राग यायचा, पण तुझं तरी काय चुकत होतं? नाना म्हणायचे, बरोबर हाय तिचा, आईने असंच असावं. आणि गंमत ऐक. नाना कधी पुन्हा प्यायलेले दिसले नाहीत म्हणून गावात त्यांचं नाव झालं, कमळाकरने एका दिवसात सोडली! मग लोक आपले पिणारे पोरगे घेऊन यायला लागले, काका, याला सांगा कशी सोडलीत. तो रमेश आठवतो ना? नाना गंभीर तोंड करून त्याला सांगत होते, पयले आठ दिवस लय जड जातात रे. मी आत पदर तोंडात कोंबून हसत होते. आणि रमेशने खरंच सोडली, मेला!

पारू वहिनींना मात्र मांडवाची बोलावणी येऊ लागली. पोरगं सुखाने नांदतंय, सून गुणाची निघाली, मग पहिली हळद लावणाऱ्या बाईचा हात शुभ, असं बायकाच म्हणायला लागल्या. शेवटची वर्षं त्या किती मांडवांत गायल्या! जाण्याच्या आधी एकदा त्यांनी नानांच्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मला वाटतं त्यांना कळलं होतं.

पुढच्या तपासण्यांना नाना "गेलेल्या जमिनीच्या बदल्यातल्या साडेबारा टक्क्याच्या प्लॉटचं काम आहे" म्हणून जायचे. चुरणाच्या बाटलीत ठेवलेल्या त्यांच्या गोळ्या लिव्हरच्या आहेत, असं मीच तुला सांगितलं होतं. आणि तेच चिरनेरच्या त्या दिवशी अंगाशी आलं. वाटेतल्या त्या छोट्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलला पोचेपर्यंत फार उशीर होईल, गुठळीचं इंजेक्शन इथेच देतो, मग पुढे पाठवतो. मग तेच प्रश्न. तू खरं तेच सांगितलंस, तुला जे माहीत होतं ते. अटॅक पहिल्यांदाच. इंजेक्शन आधी कधी नाही. आणि पूर्वी खूप प्यायचे, लिव्हरच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांचा हात थांबला. लिव्हर खराब असेल तर रक्तस्रावाची भीती, म्हणाले, विचार करावा लागेल. त्यांनी नानांनाच विचारलं, काका, आधी कधी झालं होतं? आणि हा माणूस, छातीवर दगड घेऊन पडलेला, माझ्याकडे बघत मान हलवतो, "नाय. पयल्यांदाच." मला डोळ्यांनी सांगत होता, सांगू नको. तू पलंगाच्या पायाशी उभी होतीस, त्यांची चप्पल हातात घेऊन.

दिपिका, तुझ्या शपथेवर मी इतकी वर्षं तोंड शिवलं होतं. माझ्यासारख्या बाईने! सांगितलं तर तुझ्यावर काही येईल, नाही सांगितलं तर हे जातील. तुझ्यासमोर सांगायची छाती झाली नाही, म्हणून म्हटलं, सून आहे, बाहेर पाठवा. दुसरा शब्दच सुचला नाही. दार लागलं आणि मी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं, हा माणूस दारू प्यायलेला नाही, लिव्हर ठणठणीत आहे, गुठळीचं ते औषध एकदा घेतलं आहे, ते पुन्हा देऊ नका. डॉक्टर म्हणाले, बरं झालं बोललात, तेच द्यायला काढलं होतं. मग त्यांनी दुसरं दिलं, नवीन, एकाच दमात जाणारं, त्याचं नाव माझ्या तोंडात बसत नाही. पुढचं तू पाहिलंच आहेस, ॲम्ब्युलन्स, ॲन्जिओप्लास्टी, सगळं. प्रणितला मोठ्या डॉक्टरांकडून अर्धं कळलं आहे. त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, जिची शपथ मोडली, आधी तिला सांगेन.

आता नाना रोज सकाळी बागेला दोन फेऱ्या मारतात आणि चार मारल्या असं सांगतात. ऋचाशिवाय करमत नाही, तिची स्केटिंगची चाकं तेल घालून ठेवली आहेत. अवधूतची पत्रिका आली, ती त्यांनी तीनदा वाचली. लग्नाचं आमंत्रण आहे, सहकुटुंब. हळदीचं नाही. तुझ्या बाबांनी प्रणितला फोनवर सांगितलं, वडील आजारातून उठलेत, हळदीच्या गडबडीत दगदग नको. शब्द चांगले होते, पण अर्थ आम्हाला कळला. नाना हसून म्हणाले, बरोबर हाय सरांचा, माझा काय भरवसा! आणि मग गॅलरीत जाऊन तुझ्या मोगऱ्याला पाणी घालत उभे राहिले, आधीच घातलेलं असताना.

म्हणून हे पत्र. मला तुझी माफी नको आणि सरांची मानपानाची बोलणी नकोत. सरांना काय सांगायचं ते तू ठरव. पांढऱ्या पायाची म्हणायची आता कोणाची छाती होणार नाही, आणि झालीच तर मी अजून जिवंत आहे. मी शपथ मोडली आहे, आणि नाना अजून पाळत आहेत. मी त्यांना म्हटलं, आता तरी सुटली म्हणा, तर म्हणाले, ती माझी नाय सोडायची, जिच्या नावाची हाय तिची. तेव्हा पोरी, तुझ्या नावाची आहे, तूच सोडव. हळदीच्या दिवशी स्वतः ये, सासऱ्याला हाताला धरून तुझ्या माहेरच्या मांडवात ने, आणि सगळ्यांदेखत पहिली हळद त्यांच्या हातून अवधूतला लावू दे. मग तू त्यांना लाव, आणि लावताना कानात एवढंच म्हण, "नाना, सुटली." कपाळाला लाव, गालांना लाव, हवी तेवढी लाव. छातीला मात्र लावू नकोस बाई, मेले ते फुगे चिकटत नाहीत.

वाट बघते.

तुझीच,
आई